एकतीस गंजांची जप्ती

आमच्या गल्लीतल्या सत्यवतीबाईंची आणि माझी ओळख तीस वर्षांची. त्यातली निदान पंचवीस वर्षं आम्ही भांडण्यात घालवली. मी कोर्टात नाझर होतो. नाझर म्हणजे जप्ती, सील, लिलाव हे सगळं कागदावर धरून ठेवणारा माणूस. चौतीस वर्षं लोकांच्या दारांना लाखेचं सील लावून माझा स्वभाव थोडा वाळला आहे, हे मला मान्य आहे. ज्या वस्तूचा कागद नाही ती वस्तू कुणाचीच नाही, असं माझं मत. बाईंचं म्हणणं, कागद काय भाकरीसोबत खाता येतो?

बाईंनी नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं रुग्णांचं जेवण रांधलं. गडचिरोलीपासून यवतमाळपर्यंतची माणसं तिथं येऊन पडायची आणि बाईंच्या हातचं बिनमिठाचं वरण खायची. जन्मभर अळणी शिजवल्याचा सूड म्हणून की काय, बाईंच्या बोलण्यात तिखटमीठ भरपूर. मला साखर निघाली तेव्हा अख्खी गल्ली 'जपा' म्हणून गेली. बाई आल्या, माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला, स्वतः पिऊन टाकला आणि म्हणाल्या, "नाझरभाऊ, मराचं असन तर आधी सांगत जा. तेरवीचा सैपाक मलेच कराचा आहे ना." तेव्हापासून मी बिनसाखरेचा चहा पितो. भीतीनं म्हणा, प्रेमानं म्हणा.

दसरा जवळ आला की बाईंचे पाय जमिनीवर नसायचे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येतात, त्यातली बरीच आमच्या वस्तीतल्या विहारात उतरतात. दोन दिवस त्यांना जेवू घालायचं काम महिला मंडळाचं, आणि मंडळ म्हणजे सत्यवतीबाई. छप्पन साली त्यांच्या सासूबाई सिंधूताई पोटुशी असताना चालत नागपूरला आल्या होत्या. रस्त्यात कुणा अनोळखी बाईनं त्यांच्या पदरात ओंजळभर मुरमुरे टाकले होते. सासूनं मरेपर्यंत त्या मुरमुऱ्यांची गोष्ट सांगितली, आणि सुनेनं ती अशी मनावर घेतली की आजही वर्षाला दोन हजार माणसं जेवून जातात. वरण, भात, वांगं-आलूची भाजी. फार काही नाही, पण गरम.

एवढ्या स्वयंपाकाला भांडी लागतात. मंडळानं दर महिन्याला थोडं थोडं जमवून जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, गंज घेतले. आमच्याकडे पातेल्याला गंजच म्हणतात. अकरा वर्षांत तीस गंज झाले, पण एकावरही नाव नव्हतं. आता आपल्याकडे भांड्यावर नाव नसणं म्हणजे लेकराचं बारसं राहून जाणं. कारण साधं होतं. मंडळात चौतीस बाया, आणि कुणाचं नाव आधी टाकायचं यावर अकरा वर्षं एकमत झालं नाही. वयानं टाकावं तर कुणी वय सांगेना. वर्गणीनं टाकावं तर रडारड. दर वर्षी सभा व्हायची, चहा व्हायचा, आणि गंज बिननावाचे परत जायचे.

ते परत जायचे रोशनच्या गोदामात. रोशन आमच्याच गल्लीतला. त्याची आई अंजनाबाई मंडळातलीच, ती लवकर गेली, आणि पुढं तो सत्यवतीबाईंच्या ताटात जेवून मोठा झाला. मोठा म्हणजे फारच मोठा झाला. बेसाकडं प्लॉट पाडायला लागला, काचेचं ऑफिस टाकलं, पांढरी गाडी घेतली. जरीपटक्याच्या बाजारामागं त्याचं गोदाम होतं, त्याचा एक कोपरा त्यानं मंडळाला फुकट दिला. बाईंना 'मावशी' म्हणायचा. गाडीतून उतरून पाया पडायचा, तेही भर रस्त्यात, सगळ्यांसमोर.

आणि मग एका दुपारी बाईंनी तो पराक्रम केला. कुणालाही न विचारता टेम्पो बोलावला, तीसही गंज बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात नेले आणि मशीननं सगळ्यांवर एकच मजकूर टाकून आणला: 'कालकथित अंजनाबाई यांच्या स्मरणार्थ चि. रोशन यांजकडून सप्रेम भेट.'

मंडळात बोंबाबोंब झाली. बाई शांत. "तुमच्यात कोणाचंच जमत नव्हतं ना? मग आता कोणाचंच नाही. लेकरानं जागा देल्ली, भाडं नाही घेतलं. देणाऱ्याचं नाव टाकतेत."

मी म्हटलं, "बाई, जागा दिली आणि गंज दिले यात फरक आहे. हे तुम्ही दानपत्र लिहून ठेवलं."

"तुमी सीलच लावत बसा," बाई म्हणाल्या.

दोन दसरे त्या नावाचा भात लोकांनी खाल्ला. पंगतीत बसलेला प्रत्येक जण वाढणारीच्या हातातल्या गंजावर वाचायचा, रोशनकडून सप्रेम भेट. एवढा दानशूर पोरगा आपल्या वस्तीतला! त्याच सुमारास त्यानं योजना काढली होती. दर महिन्याला हप्ता भरा, तीन वर्षांनी प्लॉट घ्या, नाहीतर दुप्पट रक्कम घ्या. बाईंची जिवाभावाची मैत्रीण, शेजारची वच्छलाबाई, अंगणवाडीतून निवृत्त झाली होती. हातात आलेलं सगळं तिनं त्या योजनेत घातलं.

मागच्या मार्चमध्ये ऑफिसच्या काचेच्या दाराला कुलूप लागलं. एप्रिलमध्ये रोशनला अटक झाली. प्लॉट एकच, विकलेला नऊ जणांना. पुढं विशेष न्यायालयाचा आदेश आला. त्याची बँक खाती गोठवली, बेसाची जमीन, गाडी, ऑफिस आणि 'जरीपटका येथील गोदाम, त्यातील सर्व वस्तूंसह' जप्त. गुन्ह्याच्या पैशातून घेतल्याचा संशय आहे ते सगळं. खटला संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आणि पुढं विकून ठेवीदारांना वाटायचं. आदेश योग्यच होता. मी न्यायाधीशाच्या खुर्चीत असतो तर मीही असाच लिहिला असता. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. पंचनाम्यात लिहिलं होतं: 'जर्मनचे गंज, लहानमोठे, आरोपीचे नाव असलेले, तीस नग. बिननावाचा मोठा, एक नग.'

बातमी कळली तेव्हा बाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. पहिल्यांदाच त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. मला वाटलं गंजांचं दुःख आहे. ते होतंच. पण त्या वच्छलाबाईकडं जाऊन आल्या होत्या.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मी त्याच्या काचेकडं पाहून पैसे नाही भरले वं सत्यवती. तुह्या गंजावरचं नाव पाहून भरले. मंडळाले तीस गंज देणारा मले काहून बुडवन, असं वाटलं." बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "तिनं दार लावून घेतलं, नाझरभाऊ."

मला 'मी तेव्हाच म्हटलं होतं' म्हणायची फार वाईट खोड आहे. त्या दिवशी ते शब्द ओठांपर्यंत आले आणि मी गिळून टाकले. माझ्या आयुष्यातली ही एक बरी गोष्ट.

दसऱ्याला दोन महिने उरले होते. भाड्यानं भांडी आणावीत तर दसऱ्यात नागपुरात एक झारा मोकळा मिळत नाही, सगळी आधीच ठरलेली. गंज सुटले नाहीत तर सिंधूताईंच्या मुरमुऱ्यांपासून चालत आलेली पंगत यंदा बसणार नाही, हे स्पष्ट होतं. मी नाकावर चष्मा चढवला आणि हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. पावत्या? नाहीत. मंडळाची नोंदणी? नाही. ठरावाचं पुस्तक? त्यात चहाचे डाग आणि नावांवरची भांडणं. मी वैतागून म्हटलं, "अहो बाई, हे गंज तुमचे आहेत हे जगात कोण सांगू शकतं?"

"मले सांगता येते ना," बाई म्हणाल्या आणि सांगायला लागल्या. एकेक गंज. याचा डावा कान दोन रिपीट, म्हणजे चपटे खिळे, ठोकून बसवला. याच्या बुडाला पोचा, विहाराच्या पायरीवरून गडगडला तेव्हाचा. याच्या काठाला चीर, तीन बोटं खाली. हा ठेवला की डुगडुगतो, याच्याखाली नेहमी खापरीचा तुकडा लागतो. मी लिहीत गेलो, चार पानं झाली. तीस संपले. मग त्या जरा थांबल्या आणि भराभर म्हणाल्या, "अन् एक मोठा. नवा. लिहा."

"त्याची खूण?"

"नवा म्हटलं ना. लिहा."

मी लिहिलं. नावं टाकून झाल्यावर मंडळानं एखादा नवा घेतला असेल, एवढंच मला वाटलं.

सुनावणीच्या दिवशी मागच्या बाकांवर ठेवीदार बसले होते, त्यात वच्छलाबाईही होती. सरकारी वकिलांनी एका गंजाचा फोटो पुढं केला. "बाई, यावर काय लिहिलंय वाचा."

बाईंनी वाचलं.

"म्हणजे आरोपीनं दिलेत."

"नाही साहेब. त्यानं नाही देल्ले. मंडळानं घेतले."

"मग हे खोटं आहे?"

"खोटं आहे. मीच टाकलं. त्याले माहीतही नव्हतं." बाई वळल्या आणि न्यायाधीशांकडं पाठ करून मागच्या बाकाकडं पाहून बोलल्या. "मले वाटलं, माय नाही त्याले, त्याच्या मायचं नाव कुठंतरी राहीन. लोकाईनं ते वाचून पैसे भरले. माही चूक आहे ती. मोठी चूक आहे."

शिपाई पुढं सरकला, कोर्टाकडं पाठ करत नाहीत म्हणून. न्यायाधीशांनी त्याला हातानं थांबवलं. वच्छलाबाई खाली पाहत राहिली.

आदेश झाला तो असा. तपास अधिकाऱ्यांनी बाईंसमक्ष गोदाम उघडावं, अर्जातल्या खुणा पडताळाव्यात, जुळतील ते गंज सुपूर्दनाम्यावर मंडळाच्या ताब्यात द्यावेत. सुपूर्दनामा म्हणजे वस्तू सांभाळायला घ्यायची, कोर्टानं मागितली की हजर करायची, आणि तोवर तिचं स्वरूप बदलायचं नाही.

बाईंनी हात वर केला. "साहेब, चुलीवर ठेवला तर बुड काळं होईन. चालते का?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी स्टेनोला सांगून आदेशात एक ओळ वाढवली: 'स्वयंपाकाने भांडी काळी पडणे हा स्वरूपातील बदल समजू नये.' चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकी सुरेख ओळ मी कोणत्याही आदेशात वाचली नव्हती. त्या ओळीची नक्कल मी स्वतःसाठी काढून ठेवली आहे.

"अन् नाव?" बाईंनी विचारलं. "नाव मिटवलं तर?"

"नाव तसंच राहील," न्यायाधीश म्हणाले. "तो पुरावा आहे."

दसऱ्याच्या चार दिवस आधी गोदाम उघडलं. तपास अधिकारी एक तरुण मॅडम होत्या, दोन शिपाई, पंच म्हणून मी आणि एक दुकानदार. सील तोडलं, शटर वर गेलं, धुळीचा भपका आला. बाई उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "कसे पडून राहिले बिचारे!" जणू गंज नाहीत, शाळेतून घ्यायला उशीर झालेली पोरं आहेत.

मॅडम एकेक गंज उचलत, मी कागदावरची खूण वाचत होतो. डावा कान, दोन रिपीट. बरोबर. बुडाला पोचा. बरोबर. डुगडुगणारा जमिनीवर ठेवला, तो डुगडुगला, आणि शिपाईसुद्धा खूश झाला. तीसच्या तीस जुळले. शेवटी राहिला तो कोपऱ्यातला मोठा. पंचवीस किलो तांदूळ एका वेळी शिजेल असा जाड बुडाचा देखणा गंज. सगळ्या भाताचा भार त्याच्यावर.

मॅडम म्हणाल्या, "याच्यावर तर आरोपीचं नावही नाही. हा सोपा. एकतीस नग लिहू ना?"

"लिहा," मी म्हटलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या गंजाजवळ गेल्या आणि त्याच्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "हा आमचा नाही. हाच त्याचा आहे."

"बाई!" मी ओरडलोच.

"नावं टाकली तेव्हा तो हासला नाही, नाझरभाऊ. म्हणला, मावशी, माह्या मायच्या नावानं खोटं काहून लिहिलं वं? दुसऱ्या दिवशी हा घेऊन आला. म्हणला, एक तरी खरा असू दे. अन् याच्यावर नाव टाकू नको म्हणला." त्यांनी हात काढून घेतला. "मी अर्जात खोटं लिहून देल्लं. भाताले पाहिजे होता म्हणून. पण हा त्याच्या पैशाचा आहे, म्हणजे वच्छलाच्या पैशाचा आहे. याले सील लावा."

मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. हा गंज लिलावात गेला तर ठेवीदाराच्या वाट्याला चार आणेही येणार नाहीत. लहान गंजांत भात चार-चार वेळा लावावा लागेल, पंगत खोळंबेल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकडाव खोटं नाव टाकलं ते पाहून राहिले ना, काय झालं? आता खोटं नाही टाकत."

मॅडमनी 'एकतीस' खोडून 'तीस' लिहिलं. मी पंच म्हणून सही केली. जन्मभर खरं-खोटं कागदावर तपासणारा मी, आणि त्या गोदामात सगळ्यात खरी गोष्ट अर्जात खोटं लिहून देणाऱ्या एका बाईनं केली होती. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याच वेळी इतकं प्रेम दाटून आलं होतं की चष्मा पुसायचं निमित्त करून मी बाहेर रस्त्यावर आलो.

दसऱ्याच्या सकाळी विहारामागं चुली पेटल्या. जाळ लागण्याआधी बाया गंजाला बाहेरून मातीचा लेप देतात, म्हणजे काजळी लवकर निघते. काहींनी लेप वरपर्यंत चढवला, रोशनच्या नावापर्यंत. बाईंनी ओल्या फडक्यानं तेवढीच माती पुसली. "राहू द्या उघडं. मी टाकलं ना, मलेच पाहू द्या."

मी म्हटलं होतं तसंच झालं. दीड वाजता भात संपला आणि दाराशी तीनशे माणसं उभी. एका वेळी तीन गंजांत भात लावलेला, चौथा उकळी यायची वाट पाहत होता. बाई हात जोडून रांगेत गेल्या. "बापाहो, अर्धा तास बसा. भात होऊन राहिला. कोणी उपाशी जाणार नाही." माणसं दूरदूरची, दमलेली, पण सावलीत बसली. कुणी कुरकुर केली नाही. बाई मात्र घामानं निथळत होत्या, एका गंजाकडून दुसऱ्याकडं धावत होत्या, आणि बासष्ट वर्षांच्या बाईचे गुडघे धावण्यासाठी नसतात. मी पाण्याचा पेला घेऊन गेलो, तो त्यांनी घेतला नाही.

तेवढ्यात चुलींच्या धुरातून कुणीतरी आलं. पदर कमरेला खोचलेला, हातात घरचा लांब दांड्याचा झारा. वच्छलाबाई. तिनं आधी गंजावरचं नाव वाचलं, पूर्ण वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. मग बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तो मोठा तिथंच ठेवला म्हणे तू," ती म्हणाली.

"ठेवला."

"मी तुले माफ नाही केलं, सत्यवती."

"मालूम आहे वं."

वच्छलाबाईनं गंजावरचं झाकण सरकवलं आणि आत पाहिलं.

"भात खाली लागून राहिला," ती म्हणाली. "सरक तिकडं."